शपथ घालेल त्याचा डाव बाद

नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरातल्या थोरल्या सूनबाई. पत्र चार पानी आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथे देते.

‘कोजागिरीला आमचं सगळं घर गच्चीवर जमतं. यंदा माझा मुलगा पुण्याच्या हॉस्टेलवरून एक पत्त्यांचा खेळ शिकून आला. एक गाव असतं, त्यात लांडगे लपलेले असतात. रात्री सगळ्यांनी डोळे मिटायचे, लांडग्यांनी गुपचूप एकाला मारायचं. दिवसा गावकऱ्यांनी चर्चा करून ज्याच्यावर संशय त्याला फाशी द्यायची. पोरांनी लांडग्याचा चकवा केला, रात्री एकाला तपासून चकवा ओळखणाऱ्याचा भगत अन् एकाला मरणातून वाचवणाऱ्याचा वैद्य. मी कोतवाल, म्हणजे रात्र झाली, दिवस झाला हे पुकारणारी. बारा जण खेळत होते, त्यात तीन चकवे. पहिल्या दोन्ही डावांत पहिल्याच दिवशी सगळ्यांनी माझ्या धाकट्या जावेला फाशी दिली. कारण काय, तर “ही गप्प आहे, म्हणजे हीच!” ती चिपळूणची. लग्नाला सहा वर्षं झाली, पण आमच्याकडे सगळे एकदम बोलतात, तिला मधे शिरताच येत नाही. तिसऱ्या डावात तिला खरंच चकव्याचा पत्ता आला आणि काय खेळली ती! खेळातले दोन दिवस कोणाला शंकाही आली नाही. मग आमचे जावईबापू म्हणाले, “असं नाही जमत. पोराच्या डोक्यावर हात ठेव अन् सांग, तू चकवा नाहीस म्हणून.” तिचा चार वर्षांचा मुलगा तिच्याच मांडीवर झोपला होता. तिने हात उचलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला. सगळे ओरडले, “सापडली, सापडली!” ती मुलाला खांद्यावर टाकून खाली निघून गेली. तिचा पेला तिथेच होता, दुधावर जाड साय धरली होती.

तेव्हापासून जावेचा फोन नाही. धाकटे दीर म्हणतात, खेळ होता, एवढं काय मनावर घ्यायचं. सासूबाई वेगळंच म्हणून राहिल्या: “दोन दिवस इतक्या सफाईने खोटं बोलली, आता हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? तो खेळच घरातून काढा.” पोरांना भाऊबीजेला पुन्हा खेळायचंय. नऊ वर्षांची भाची मात्र त्या रात्रीपासून एकटी बाथरूमला जात नाही. मी काय करू?’

ताई, आधी सासूबाईंचं बोलणं घेऊ, बाकीचं सगळं त्याच्यातच अडकलं आहे. गच्चीवरचा तो क्षण पुन्हा डोळ्यांसमोर आणा. पत्त्यावरचं खोटं तुमची जाऊ बिनदिक्कत बोलली, कारण ते बोलायचंच असतं. बारा जण तसं ठरवूनच गोल करून बसले होते. पोराचं डोकं मधे आलं आणि तिचा हात थांबला. एक वाक्य बोलली असती तर डाव तिचा होता. बोलली नाही. म्हणजे खेळाची वेस कुठे संपते हे त्या गच्चीवर तिला नेमकं ठाऊक होतं, आणि ती ओलांडून जिंकायची तिची तयारी नव्हती. विश्वास ठेवायला माणूस कसा असावा, असं मला कोणी विचारलं तर मी हाच हात दाखवीन, उचललेला आणि खाली न टेकलेला. मी सासूबाईंच्या जागी असते तर तिजोरीच्या किल्ल्या तिच्याकडे दिल्या असत्या. त्यांना हे असंच्या असं सांगा, माझं नाव घेऊन सांगा.

तरी पटलं नाही तर झाडीपट्टीची, आपल्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाची, आठवण करून द्या. धानाची कापणी आटोपली की तिकडे रात्र-रात्र नाटकं चालतात. खलनायक स्टेजवर आला की बाया बोटं मोडतात, आणि सकाळी तोच नट टपरीवर चहा पिताना दिसला की त्याच बाया कौतुकाने सांगतात, ‘काल बढिया काम केलं भाऊ तुम्ही.’ सोंग वठवणाऱ्याला आपल्याकडे कोणी लबाड म्हणत नाही.

आता शपथेचं. माझं लहानपण नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात गेलं. मे महिन्यात दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसायची. कूलरच्या ओल्या खसचा वास, फरशीवर आम्ही आठ-दहा पोरं आणि राजा-मंत्री-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या. राजाला १०००, चोराला शून्य. चोराची चिठ्ठी आली तरी चेहरा सरळ ठेवायचा आणि मंत्र्याला चुकवायचं, सगळी गंमत तेवढ्यातच. एका दुपारी माझ्या आतेभावाला कोणीतरी आईची शपथ घातली. त्याच्या हातात चोराची चिठ्ठी होती. त्याने शपथ घेतली, मंत्री चुकला, तो जिंकला. त्याच रात्री आत्याला ताप भरला. साधा ताप होता, दोन दिवसांत उतरला. पण सात वर्षांचा तो मुलगा रात्रभर चादरीत तोंड खुपसून रडत होता, आणि का रडतो ते कोणाला सांगत नव्हता. सकाळी मोठ्या बहिणीने त्याच्याकडून काढून घेतलं. दुपारी चिठ्ठ्या वाटायच्या आधी तिने सगळ्यांना बजावलं: शपथ घालेल त्याचा डाव बाद. तो नियम आम्ही मोठे होईपर्यंत चालला, पुढे आमच्या मुलांनीही पाळला.

शपथ घेणाऱ्यावर बंदी नव्हती, घालणाऱ्यावर होती, हे लक्षात घ्या. समोरच्यापुढे दोनच वाटा उरतात. खोटी शपथ घेऊन आतून जळायचं, नाहीतर खरं बोलून डाव घालवायचा. एका पत्त्यासाठी आईला, लेकराला पणाला लावायची पाळी कोणावर कशाला आणायची? आणि शपथ खरी धरली तर खेळही उरत नाही. बारा जणांनी ओळीने शपथ घेतली की अडखळेल तो चकवा, एका मिनिटात गाव मोकळं. आपला पत्ता उलटून दाखवायला या खेळात मनाई असते ती याच कारणाने. शपथ म्हणजे पत्ता उलटून दाखवायला लावणंच आहे. तेव्हा जावईबापूंनी चकवा हुशारीने पकडला असं घरात कोणी म्हणत असेल तर तसं नाही. त्यांनी खेळ मोडला. मन दुखवायचा त्यांचा हेतू नसणार, रंगात येऊन माणूस बोलून जातो. पण मोडला.

गप्प राहण्याचा मुद्दा मला शपथेइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण शपथ एकदाच घातली गेली आणि गप्प आहे म्हणून ती दोनदा बाहेर गेली. हा खेळ मुळात मॉस्कोचा. दिमित्री दाविदोव्ह नावाच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९८६-८७ च्या सुमारास तिथल्या विद्यापीठात तो बसवला. तेव्हा त्यात लांडगे नव्हते, माफिया होते. अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकन माणसाने १९९७ साली माफियाचे माणूस-लांडगे केले आणि खेळाला रात्रीचा, भुताखेताचा रंग चढला. दाविदोव्हची मूळ कल्पना साधी होती: थोड्यांना सगळं माहीत आहे, पुष्कळांना काहीच माहीत नाही, बघू कोण जिंकतं. तुमच्या गच्चीवर तीन चकव्यांना एकमेकांची ओळख होती, बाकीचे नऊ अंधारात होते. पहिल्या रात्री एक गेला, उरले अकरा. त्या पहिल्या दिवशी गावकऱ्यांच्या हातात पुरावा असा काहीच नसतो. भगताने एकाला तपासलं असतं, पण तोही इतक्यात तोंड उघडत नाही, उघडलं तर दुसऱ्या रात्री त्याचाच नंबर. डोळे मिटून कोणाकडेही बोट केलं तरी चकवा सापडायची शक्यता अकरात तीन. चार वेळा फाशी दिली तर जवळपास तीनदा बिचारा गावकरीच मरणार.

पुरावा नसला की माणसं चेहरे वाचायला लागतात आणि आपल्याला ते जमतं असा सगळ्यांचाच समज असतो. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली खरं-खोटं ओळखण्याच्या दोनशेहून जास्त अभ्यासांची बेरीज मांडली, त्यांत २४ हजारांवर माणसांनी निवाडे दिलेले होते. बरोबर आलेल्या निवाड्यांची सरासरी निघाली १०० मागे ५४. नाणं उडवलं तरी ५० येतातच. त्यामुळे ‘मला तिच्या तोंडावरून समजलं’ असं म्हणणाऱ्याला काहीच समजलेलं नसतं. तुमच्याच घरात बघा, दोनदा ती गप्प होती आणि गावकरी होती. ज्या डावात चकवा होती त्या डावात तर ती बोलत होती.

ती गप्प का असते हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. नागपूरच्या घरात चार जण एका वेळी बोलतात आणि चौघांनाही ऐकू जातं. चिपळूणच्या मुलीला ‘काय करून राहिली’, ‘काऊन वं’ कळतं, पण त्या भरधाव बोलण्यात उडी कुठे घ्यायची ते कळत नाही. वाक्य मनात जुळवून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. तुम्ही सगळे तिच्यावर माया करत असाल यात मला शंका नाही. पण एक खेळ आला आणि तिच्या बोलायच्या सवयीलाच दोनदा फाशी झाली, तीही हसत-हसत.

यावर उपाय आहे, कारण कोतवाल तुम्ही आहात. दिवस उजाडला की मोकाट चर्चा सुरू करू देऊ नका. गोलाने एकेकाला अर्धा मिनिट द्या, मोबाइलवर वेळ लावा आणि त्या अर्ध्या मिनिटात दुसऱ्या कोणाचा आवाज आला तर त्या दिवसापुरतं त्याचं मत रद्द करा. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मग काय तो गोंधळ. शेजारी एक वही ठेवा आणि कोणी कोणाविरुद्ध हात वर केला ते दर दिवशी लिहून काढा. या खेळातला खरा पुरावा त्या वहीत असतो. चकवे सहसा एकमेकांवर मत टाकायला कचरतात. शेवटच्या क्षणी हात खाली कोणी घेतला, निरपराध गावकऱ्याला बाहेर काढायला पहिलं नाव कोणी सुचवलं, हे तिसऱ्या दिवशी वही उघडून वाचलं की खेळ एकदम वेगळाच होतो. शांत बसून नीट बघणाऱ्या माणसाचा होतो. मला वाटतं तुमची जाऊ अशा डावात सगळ्यांना भारी पडेल.

फाशी हा शब्दही मी काढून टाकीन. गावातली पीडा घालवायची तर आपल्या नागपुरात मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, काढतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी अन् पिवळी निघते, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत अख्खं शहर रस्त्यावर येतं. जळतो तो बांबू आणि कागद. जिवंत माणूस कोणी जाळत नाही. तुमच्या खेळातही जो जाईल त्याला वेशीबाहेर पाठवा, आणि वेशीबाहेर गेलेल्याला बोलू द्या. ही युक्ती माझी नाही. ‘ब्लड ऑन द क्लॉकटॉवर’ नावाचा याच जातीचा मोठा खेळ आहे, त्यात गावात सैतान लपलेला असतो. मेलेले खेळाडू शेवटपर्यंत चर्चेत असतात आणि प्रत्येकाकडे एक शेवटचं मत शिल्लक असतं, ते योग्य वेळी वापरायचं. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत बाहेर गेलेला माणूस पुढचा पाऊण तास फोन बघत बसत नाही. तुमच्याकडे अशांना वडावरची भुतं म्हणा. एकच रात्र अन् एकच दिवस असलेला, दहा मिनिटांत उरकणारा लांडग्यांचा खेळही मिळतो. त्यात मतदान शेवटी एकदाच होतं, त्यामुळे मधेच कोणी बाहेर जाऊन बसत नाही. पण वेगळा खेळ विकत घ्यायची गरज नाही. घरच्या कॅटमधले तीन राजे चकवे, राणी भगत, गुलाम वैद्य आणि बाकी साधी पानं गावकरी, एवढ्यावर भागतं.

भाचीचं घाबरणं मी हसण्यावारी नेणार नाही. चकवा हा आपल्याकडचा जुना शब्द. रानात वाट चुकलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे बघतो तर निघाला त्याच बाभळीखाली उभा. माझी आजी सांगायची, चकवा लागला असं वाटलं की चालणं थांबवावं, जागेवर बसावं, उजाडू द्यावं. गच्चीवरच्या अंधारात, वर तुमचा कोतवालाचा आवाज, तिच्या मनात तो चकवा खराच उतरला असेल. कोजागिरीचा प्रश्नच ‘कोण जागं आहे’ असा, आणि तुमच्या खेळात तर जागे फक्त चकवे! तिला आजीचा उपाय सांगा. दिवसाउजेडी तिला शेजारी बसवून एक डाव खेळा आणि शेवटी सगळ्यांचे पत्ते तिच्या हाताने उलटायला लावा. हा राजा म्हणजे मामा, हा राजा म्हणजे दादा. चकव्याचं तोंड मामासारखं दिसलं की त्याची भीती उरत नाही. तोवर बाथरूमपर्यंत कोणीतरी सोबत जा आणि त्यावरून तिला चिडवू नका.

जावईबापूंशी तुमच्या यजमानांनी बोलावं. घरच्या जावयाला सगळ्यांसमोर कोणी टोकत नाही, म्हणून तर त्या रात्रीही कोणी टोकलं नाही. दोघांनीच फुटाळा तलावावर चक्कर मारायला जावं आणि सरळ सांगावं: ‘भाऊजी, लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावलं ते बरं नाही झालं. वहिनीला लागलं.’ समजूतदार माणूस असेल तर एवढं पुरे. भाऊबीजेला सगळ्यांदेखत माफीचा कार्यक्रम करू नका. तो तुमच्या जावेला शपथेपेक्षा जड जाईल.

आणि एक गोष्ट तुमच्याबद्दल. चार पानांत तुम्ही जावईबापूंचं लिहिलं, सासूबाईंचं लिहिलं, दिरांचं लिहिलं. कोतवाल त्या क्षणी काय म्हणाली ते कुठेच नाही. बहुधा काहीच म्हणाली नाही. हात अधांतरी होता तेव्हा ‘शपथ नाही चालणार, पुढे चला’ एवढं बोलायचा अधिकार त्या गच्चीवर फक्त तुमच्याकडे होता. हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. तुम्ही पत्र लिहिलंत, बाकी कोणी लिहिलं नाही, यातच तुमची तळमळ दिसते. पण जावेकडे जाल तेव्हा सुरुवात इथूनच करा.

जा मात्र नक्की, या आठवड्यातच, भाऊबीजेच्या पुष्कळ आधी. फोनवर नको. हातात डबाही नेऊ नका. डबा नेला की ‘कशाला आणलंत’ आणि ‘घे गं’ यातच बोलणं संपतं. पोरगा शाळेत असेल अशा वेळी जा. ‘जावईबापूंच्या मनात तसं नव्हतं’ हे वाक्य अजिबात बोलू नका, ती सहा वर्षं अशीच वाक्यं ऐकत असेल. म्हणा, ‘मी कोतवाल होते, मी थांबवायला हवं होतं, मी थांबवलं नाही.’ मग थांबा. ती लगेच बोलणार नाही. तुमच्या घरात अशी जागा रिकामी राहत नाही, कोणीतरी भरून काढतं. तुम्ही भरू नका. चहा निवला तरी चालेल. ती काय म्हणेल ते पूर्ण ऐकून घ्या आणि सगळ्यात शेवटी विचारा, भाऊबीजेला पत्ते काढायचे का. ती नको म्हणाली तर यंदा नकोच, पोरांना मी सांगितलं म्हणून सांगा. हो म्हणाली तर वही आणि पेन तिच्या हातात द्या, आणि पत्ते वाटायच्या आधी महालातला आमचा नियम सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने पुकारा.